सोलापुरातील कारखाने आणि कामाच्या जागांसाठी अग्निशमन ना-हरकत दाखला: कोणाला लागतो, कोणती कागदपत्रे हवीत आणि अर्ज कसा करावा

18 मे 2025 रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि त्यात 8 जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये कारखान्याच्या आवारातच राहणाऱ्या कुटुंबातील माणसे होती, लहान मूलही होते. माग खाली आणि संसार वर, किंवा माग पुढे आणि कामगारांची खोली मागे, ही रचना सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून अग्निशमन दाखल्याचा अर्ज भरताना इथल्या कारखानदाराने एक गोष्ट सर्वांत आधी ठरवावी: इमारत कागदावर जशी मंजूर आहे तशी नव्हे, तर ती प्रत्यक्षात जशी वापरली जाते तशी अर्जात दाखवायची.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्याखालील नियम 2009 मध्ये झाले. इमारतीत आग प्रतिबंधक यंत्रणा बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी या कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. भाड्याच्या शेडमध्ये माग चालवणारा कारखानदार भोगवटादार ठरतो, त्यामुळे ‘शेड माझी नाही’ असे सांगून त्याला मोकळे होता येत नाही. कोणती यंत्रणा मालक बसवणार आणि तिची देखभाल कोण करणार, हे भाडेकरारातच लिहून घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

दाखला कोणाला लागतो

कारखाने, गोदामे, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, खासगी शिकवण्या, लॉज, मंगल कार्यालये, हॉटेले, मोठी दुकाने आणि कार्यालयांच्या इमारती यांना हा कायदा लागू होतो. यंत्रणा किती आणि कोणत्या प्रकारची हवी, हे इमारतीची उंची, क्षेत्रफळ, वापर आणि आत साठवलेला माल यांवर ठरते. राष्ट्रीय इमारत संहितेत औद्योगिक इमारतींचे कमी, मध्यम आणि जास्त धोक्याच्या, म्हणजे जी-1, जी-2 आणि जी-3, अशा श्रेणी केलेल्या आहेत. सूत, तयार टॉवेल, चादरी, पॅकिंगचे प्लास्टिक, रंगकामाची रसायने किंवा शिलाईच्या कापडाचे गठ्ठे यांचा खरा साठा अर्जात लिहिला तरच योग्य श्रेणी ठरते. साठा कमी दाखवला तर पाण्याची टाकी, पंप आणि होज रीळ (आग विझवण्यासाठी चाकावर गुंडाळून ठेवलेली पाण्याची नळी) हे सगळेच अपुरे मंजूर होते, आणि हंगामात गोदाम छतापर्यंत भरल्यावर तीच अपुरी यंत्रणा उरते.

अर्ज कोणाकडे करायचा

महापालिका हद्दीतील इमारतीसाठी सोलापूर महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडावरील कारखान्यासाठी, उदाहरणार्थ चिंचोळी येथे, बांधकाम परवानगी महामंडळ देते आणि अग्निशमन मंजुरीही महामंडळाच्याच अग्निशमन विभागाकडून घ्यायची असते. ज्या गावांच्या हद्दीत स्थानिक अग्निशमन अधिकारी नाही, तिथे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे जावे लागते. आपला भूखंड नेमक्या कोणत्या हद्दीत येतो याची खात्री अर्जापूर्वीच करून घ्यावी, कारण चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज पुढे सरकत नाही आणि त्यात विनाकारण वेळ जातो.

कारखाना म्हणून नोंदणी, परवाना आणि नकाशा मंजुरी हा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा वेगळा विषय आहे. एक दाखला मिळाला की दुसऱ्याची गरज उरली नाही, असा समज अनेकांचा असतो. तो बरोबर नाही. दोन्ही कार्यालयांना दिलेले नकाशे मात्र एकसारखे असले पाहिजेत.

नवीन बांधकाम आणि जुनी शेड

नवीन बांधकामासाठी मंजुरी दोन टप्प्यांत मिळते. बांधकाम परवानगीच्या वेळी तात्पुरता ना-हरकत दाखला घ्यावा लागतो आणि त्यात कोणती यंत्रणा बसवायची याच्या अटी लिहिलेल्या असतात. बांधकाम पूर्ण झाल्यावर त्या अटींप्रमाणे काम झाले आहे हे दाखवून अंतिम दाखला मिळवायचा असतो, आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी तो लागतो. तात्पुरता दाखला फाईलला लावून कारखाना वर्षानुवर्षे चालवणे नियमात बसत नाही.

जुन्या शेडचे काम जास्त किचकट असते, पण सोलापुरात खरी गरज तिथेच आहे. पोटमाळा वाढवलेला असतो, बाजूच्या मोकळ्या पट्टीवर पत्रे टाकून सुताचे गठ्ठे ठेवलेले असतात, मागचे दार चोरीच्या भीतीने कुलूपबंद असते, खिडक्यांना जाळ्या असतात. अशा वेळी परवानाधारक एजन्सीला आधी जागा दाखवावी, तिच्याकडून त्रुटींची यादी घ्यावी, दुरुस्त्या कराव्यात आणि त्यानंतरच अर्ज करावा. ही परवानाधारक एजन्सी म्हणजे अग्निशमन सेवा संचालनालयाने परवाना दिलेली संस्था. तिच्या परवान्याची मुदत चालू आहे का आणि तो कोणत्या कामासाठी आहे, हे काम देण्यापूर्वी पाहून घ्यावे. अग्निशामक सिलिंडर विकणारा प्रत्येक दुकानदार परवानाधारक नसतो.

कागदपत्रे

अर्जासोबत सर्वसाधारणपणे जागेच्या हक्काचा पुरावा लागतो. तो सातबारा, मालमत्ता पत्रक, महामंडळाचे भूखंड वाटपपत्र किंवा नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी असू शकतो. वास्तुविशारदाच्या सहीचे मजल्यानिहाय नकाशे, स्थळदर्शक नकाशा, पूर्वीची बांधकाम परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र, अर्जदाराची ओळखपत्रे, व्यवसायाची नोंदणी, तयार होणारा माल, वापरली जाणारी यंत्रे आणि साठा यांचे विवरण, मंजूर वीजभार आणि एजन्सीच्या परवान्याची प्रतही तयार ठेवावी. अंतिम दाखल्यासाठी एजन्सीने दिलेला फॉर्म ए आवश्यक असतो. यंत्रणा कायद्याप्रमाणे बसवली आहे असे एजन्सी त्यात प्रमाणित करते. रंगकामासाठी ज्वलनशील द्रावके किंवा मोठ्या प्रमाणात गॅस साठवला जात असेल, तर नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची परवानगी लागते का, हे स्वतंत्रपणे तपासावे.

कागदपत्रांमध्ये नकाशा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. त्यात मागांच्या रांगा, त्यांच्यामधील वाटा, बाहेर पडण्याची सर्व दारे, जिने, मुख्य विद्युत फलक, पाण्याची टाकी, पंप आणि अग्निशमन बंब उभा राहील ती जागा दाखवावी. आवारात रात्री कोणी झोपत असेल, पहारेकरी असो, कामगार असोत किंवा मालकाचे कुटुंब, तर ती खोली नकाशात दाखवलीच पाहिजे. मागांच्या शेडमधून न जाता थेट बाहेर पडता येईल असा मार्ग त्या खोलीला हवा. तो नसेल आणि करताही येत नसेल, तर तिथे कोणी झोपू नये. निवास दाखवला तर अर्ज अडेल या भीतीने खोलीला ‘भांडार’ असे नाव देणारे कारखानदार आहेत. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की बंबावरील जवान आत शिरताना भांडारात माणसे शोधत नाहीत.

अर्ज, शुल्क आणि तपासणी

बांधकामाशी जोडलेले अर्ज ऑनलाइन प्रणालीतून सादर होतात. वास्तुविशारद नकाशे चढवतो, क्षेत्रफळ, उंची आणि वापरानुसार शुल्काची आकारणी होते, शुल्क भरल्यावर अग्निशमन अधिकारी जागेची पाहणी करतात. पाहणीच्या दिवशी पंप चालू करून होज रीळमधून पाणी काढून दाखवावे, धोक्याचा इशारा देणारी घंटा वाजवून दाखवावी आणि सर्व दारे कुलपाविना उघडतात हे दाखवावे. त्रुटी निघाल्यास त्या लेखी स्वरूपात मागून घ्याव्यात. दुरुस्तीनंतर छायाचित्रांसह पूर्तता अहवाल दिल्यास फेरतपासणी सोपी जाते.

दाखला मिळाल्यानंतर

अंतिम दाखल्याने काम संपत नाही. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते. ते न देणे किंवा यंत्रणा बंद ठेवणे यासाठी नोटीस, इमारत मोहोरबंद करणे आणि न्यायालयीन कारवाई यांची तरतूद कायद्यात आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, त्या काळात सूत कोरडे पडते आणि वायरिंगवर ताण येतो. त्यामुळे या दोन तारखांशिवाय मार्चमध्ये स्वतःहून एक तपासणी करून घ्यावी. मागांखाली आणि विद्युत फलकात साचणारे सुताचे तंतू रोज काढावेत, कारण ठिणगी पसरते ती त्यांच्यावरूनच.

आणीबाणीची कार्यपद्धती लेखी असावी आणि ती अर्जासोबत जोडावी. मुख्य वीजपुरवठा कोण बंद करणार, 101 किंवा 112 वर फोन कोण करणार, पत्ता सांगताना कोणती खूण द्यायची, फाटक उघडून बंबाला वाट कोण दाखवणार आणि बाहेर जमण्याच्या जागी हजेरी कोण घेणार, ही नावे प्रत्येक पाळीसाठी वेगळी लिहावीत, रात्रपाळीसाठी तर नक्कीच. विद्युत फलकाजवळ कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवावा आणि वीज चालू असताना आगीवर पाणी मारू नये, हे प्रत्येक कामगाराला ठाऊक हवे. आपल्या यंत्रमागांवर तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. म्हणून सूचनाफलक मराठीसोबत त्या भाषांतही लावावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाणांची चिन्हे आणि प्रत्यक्ष सराव हाच मार्ग आहे. सरावाची तारीख, हजर असलेल्यांची नावे आणि बाहेर पडायला लागलेला वेळ यांची नोंद एका वहीत ठेवावी.

आवारात नवा माग बसवला, पोटमाळा वाढवला, वीजभार वाढवला किंवा नवीन माल साठवायला सुरुवात केली, तर जुना दाखला त्या बदलाला लागू होत नाही. अशा वेळी सुधारित नकाशासह अग्निशमन विभागाकडे पुन्हा अर्ज करावा आणि मंजुरी येईपर्यंत वाढीव भागात काम सुरू करू नये.