गिल्गामेशच्या ओळींमधले कंस

गिल्गामेश महाकाव्याची दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवली की पहिल्याच ओळीला ठेच लागते. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या भाषांतरात ‘देशाच्या सीमांपर्यंत ज्याने सारं पाहिलं’ असा अर्थ सापडतो. अँड्र्यू जॉर्ज यांच्या १९९९ सालच्या भाषांतरात तीच ओळ ‘ज्याने अथांग तळ पाहिला, देशाचा पाया’ अशी होते. कवी एक, ओळ एक आणि अर्थ मात्र दोन.

यात कुणी चुकलं असं नाही. मूळ अक्कडियन, म्हणजे प्राचीन इराकमधल्या भाषेतल्या ‘नक्बु’ या शब्दाचे अर्थच दोन आहेत. एक ‘समग्र’ आणि दुसरा ‘जमिनीखालचं अथांग पाणी’, जिथे ज्ञानाचा देव एआ राहतो. ओळीचा उरलेला भाग मातीच्या पाटीवरून तुटून गेला होता. त्या जागी काय असावं याचा अभ्यासकांनी अंदाज बांधला आणि तो कंसात छापला. पुढे १९९८ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातच पडून असलेला एक तुकडा त्या कोपऱ्याचा निघाला आणि ‘पाया’ हा शब्द हाती आला. जवळजवळ चार हजार वर्षांचा वारसा असलेल्या काव्याची पहिली ओळ आपल्यातल्या अनेकांच्या हयातीत पूर्ण झाली आहे.

म्हणून हे काव्य वाचायला घेताना माझा एकच आग्रह असतो: गोष्टीइतकंच कंसांकडेही लक्ष द्यावं. गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते. उरुक शहराचा राजा गिल्गामेश, दोन भाग देव आणि एक भाग माणूस. त्याच्या जाचाला प्रजा कंटाळते, तेव्हा देव त्याच्या तोडीचा एन्किडू मातीतून घडवतात. दोघं आधी झुंजतात, मग जिवलग मित्र होतात. देवदाराच्या वनाचा राखणदार हुंबाबा आणि इश्तार देवीने सोडलेला स्वर्गीय बैल यांना ते मारतात. शिक्षा म्हणून एन्किडू मरतो. मृत्यूच्या धास्तीने गिल्गामेश जगाच्या टोकापर्यंत जातो, महापुरातून वाचलेल्या उत्नपिश्तीमला भेटतो, पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळवतो आणि वाटेत आंघोळीला उतरलेला असताना ती सापाच्या तोंडी घालवून बसतो.

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती आगीमुळे. इसवी सन पूर्व ६१२ मध्ये असिरियाचं राजधानीचं शहर निनेव्ह पडलं आणि जळालं. राजा अशुरबनिपालने जमवलेलं ग्रंथालय त्या ढिगाऱ्याखाली गाडलं गेलं. तिथल्या पाट्या फुटल्या, विखुरल्या, पण मातीच्या असल्याने टिकल्या आणि काही तर आगीत भाजून अधिकच टणक झाल्या. आज इराकमधल्या मोसुल शहरासमोर असलेल्या या टेकाडात ऑस्टेन हेन्री लेयार्ड यांनी १८४०च्या दशकात खोदकाम सुरू केलं. १८५३ च्या डिसेंबरात त्यांचे मोसुलचेच सहकारी होर्मुझ्द रस्साम यांनी फ्रेंचांच्या वाट्याला आलेल्या भागात रात्री गुपचूप खणून अशुरबनिपालचा महाल शोधला. ब्रिटिश म्युझियमने पुढे लेयार्डचा जेवढा उदो उदो केला, तेवढा या स्थानिक माणसाचा केला नाही. निनेव्हच्या पाट्या आणि तुकडे मिळून तीस हजारांहून अधिक नग लंडनला पोचले. वाचता येणारे मात्र जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्यांपैकी एक हेन्री रॉलिन्सन. हा गृहस्थ १८२७ मध्ये सतराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात दाखल झाला. बोटीवर त्याला सोबत होती मुंबईचे गव्हर्नर होऊन येणाऱ्या जॉन माल्कम यांची, आणि फारसीची गोडी त्याला तिथेच लागली असं मानतात. पुण्याहून पनवेलपर्यंत तीन तासांहून थोड्या अधिक वेळात घोडा फेकून त्याने पैज जिंकली होती. पुढे इराणात बदली झाल्यावर याच धाडसाने तो बेहिस्तूनच्या कड्यावर चढला आणि प्राचीन इराणचा राजा दारयवहुचा तीन भाषांतला शिलालेख त्याने उतरवून घेतला. मातीच्या पाट्यांवरच्या खिळ्यांसारख्या खुणांच्या, म्हणजे कीलाकार, लिपीचं कुलूप याच लेखाने उघडलं. अर्थात श्रेय एकट्या रॉलिन्सनला देण्याची सवय सोडायला हवी. आयर्लंडमधले एक धर्मोपदेशक, एडवर्ड हिंक्स, काही बाबतींत त्याच्याही पुढे होते. मुंबईशी आणखी एक धागा जुळतो: लेयार्डने निमरूद या प्राचीन शहरात खणून काढलेली शिल्पं बसऱ्याहून लंडनला जाताना मुंबईला थांबली आणि पेट्या इथे उघडल्या गेल्या.

लिपी खरंच उलगडली का, याची परीक्षा १८५७ मध्ये झाली. रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच नवा लेख चौघांकडे पाठवला. चौघांनी एकमेकांना न विचारता भाषांतर केलं, पाकिटं बंद करून पाठवली आणि उघडून पाहिल्यावर ती बरीचशी जुळली.

मग येतो जॉर्ज स्मिथ. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत चटका लावणारा माणूस तोच. जन्म १८४०, शाळा चौदाव्या वर्षी सुटली, काम नोटा छापण्यासाठी लागणारे ठसे कोरण्याचं. जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पाट्या न्याहाळायचा. बारीक रेघांची सवय असलेल्या त्याच्या डोळ्यांना कुठला तुकडा कुठे बसतो ते दिसायचं. रॉलिन्सनच्या नजरेत ते भरलं आणि स्मिथला संग्रहालयात नोकरी मिळाली.

१८७२ च्या नोव्हेंबरात एका पाटीवर त्याला ओळी दिसल्या: जहाज डोंगरावर टेकलं, पारवा सोडला, बसायला जागा न मिळाल्याने तो परतला. पाटीचा काही भाग चुन्यासारख्या थराने झाकलेला होता. तो साफ करणारा कारागीर, रॉबर्ट रेडी, बाहेरगावी होता. स्मिथला तोवर धीर धरावा लागला आणि तो त्याला धरवत नव्हता, हे उघड आहे. थर निघाला, मजकूर वाचला गेला आणि स्मिथ खोलीत धावत सुटला, अंगातले कपडे काढू लागला, अशी आख्यायिका आहे. ती सांगणारे वॉलिस बज तेव्हा संग्रहालयात नव्हतेच. त्यांनी ती लिहिली पन्नासेक वर्षांनी. गोष्ट छान आहे, पण मी तिच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही.

३ डिसेंबर १८७२ रोजी स्मिथने बायबलविषयक पुरातत्त्व संस्थेपुढे हे भाषांतर वाचलं. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. एका वृत्तपत्राने पाटीचा हरवलेला भाग शोधायला हजार गिनी देऊ केल्या. ढिगाऱ्यात सुई शोधण्याचाच हा प्रकार. पण मे १८७३ मध्ये निनेव्हला पोचून आठवडा उलटायच्या आत स्मिथला जलप्रलयाच्या ओळी असलेला तुकडा सापडलाही! वृत्तपत्राला हवी ती बातमी मिळाली आणि त्याने मोहीम आटोपती घेतली. पुढे कळलं की तो तुकडा या काव्याचा नव्हताच, तो ‘अत्राहासिस’ या दुसऱ्या काव्याचा होता. तिसऱ्या सफरीत, १८७६ च्या ऑगस्टमध्ये, स्मिथ हगवणीने सीरियातल्या अलेप्पोत वारला. वय छत्तीस.

या गाजावाजाने काव्याचं एक नुकसान केलं. लोकांना रस होता बायबलमधल्या नोहाच्या महापुरात. गिल्गामेश म्हणजे त्या महापुराचं वेष्टण, असं बराच काळ वाचलं गेलं. वास्तविक तो भाग अकराव्या पाटीवर, एका म्हाताऱ्याच्या तोंडून येणारी आठवण म्हणून येतो. शतपथ ब्राह्मणातल्या मनू आणि माशाची कथा ओळखीची असलेल्या आपल्या वाचकालाही तिथेच रेंगाळायचा मोह होतो. नायकाचं नावसुद्धा तेव्हा धड ठाऊक नव्हतं. स्मिथने चिन्हांचा उच्चार ‘इझदुबार’ केला होता. खरा उच्चार थिओफिलस पिंचेस यांनी १८९०च्या सुमारास एका प्राचीन शब्दयादीवरून सिद्ध केला.

नाव ठरलं, तरी काव्य नेमकं कोणतं हा प्रश्न उरलाच. सर्वांत जुन्या आहेत त्या सुमेरियन या अक्कडियनहून जुन्या भाषेतल्या ‘बिल्गामेस’ (म्हणजे गिल्गामेशच) राजाच्या पाच सुट्या कथा. मग इसवी सन पूर्व अठराव्या शतकाच्या आसपास अक्कडियनमध्ये रचलेलं काव्य. त्याची सुरुवात ‘सर्व राजांहून थोर’ अशी होती. त्यानंतर कित्येक शतकांनी सिन-लेकी-उन्निन्नी नावाच्या विद्वानाने त्याला नवं रूप दिलं, नवी प्रस्तावना जोडली आणि हाच पाठ पुढे प्रमाण झाला. अकरा पाट्यांचं काव्य आणि वर बारावी पाटी पुरवणीसारखी. तिच्यात सातव्या पाटीवर मेलेला एन्किडू पुन्हा धडधाकट वावरतो, कारण ती एका सुमेरियन कथेचं भाषांतर आहे. बरेच भाषांतरकार ती गाळतात किंवा शेवटी वेगळी छापतात.

सगळ्यांत गोंधळात टाकणारं उदाहरण सिदुरीचं. समुद्रकाठी मद्याचा गुत्ता चालवणारी ही बाई गिल्गामेशला सांगते की अमरत्व तुला मिळणार नाही. पोटभर जेव, नाच, स्वच्छ कपडे घाल, तुझा हात धरणाऱ्या लेकराकडे पाहा, बायकोला सुखात ठेव. वाचकांना या काव्यातलं एकच काही आठवत असेल तर ते हे. आणि सिन-लेकी-उन्निन्नीच्या पाठात हे बोलणं नाही! ते आहे १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या बॅबिलोनियन, म्हणजे आधीच्या अक्कडियन काव्याच्या, तुकड्यावर. सिन-लेकी-उन्निन्नीने ते जाणूनबुजून काढलं असावं. सलग भाषांतर करणारे ते परत आत घालतात.

पाठभेदांची आपल्याला सवय आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा अडचण होती ती हस्तलिखितांच्या सुकाळाची. इथे दुष्काळ आहे. प्रमाण पाठाच्या सुमारे तीन हजार ओळींपैकी तिसरा हिस्सा अजून बेपत्ता आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करताना बजावलं होतं की यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. गिल्गामेशच्या भाषांतरकारांपुढे मात्र ताटालाच भोकं आहेत.

त्यामुळे प्रत्येकाने आपापला मार्ग काढला. अलेक्झांडर हाइडेल यांनी १९४६ मध्ये एन्किडू आणि गणिका शम्हत यांच्या प्रणयाचा भाग इंग्रजी पुस्तकात चक्क लॅटिनमध्ये छापला. लाज राखायची आणि विद्वत्ताही. जर्मन कवी रिल्के यांनी १९१६ मध्ये उंग्नाड यांचं जर्मन भाषांतर वाचलं, मृत्यूच्या भयाचं महाकाव्य म्हणून त्याला दाद दिली आणि ते ओळखीच्यांना तोंडी सांगत सुटले. नॅन्सी सँडर्स यांनी १९६० मध्ये सुमेरियन आणि बॅबिलोनियन धागे एकत्र ओवून सरळ गद्य केलं. त्या पुरातत्त्वज्ञ होत्या, कीलाकार लिपीच्या अभ्यासक नव्हत्या. पण हजारो सामान्य वाचकांना हे काव्य भेटलं ते त्यांच्यामुळे. स्टीफन मिचेल यांचं २००४ चं रूपही इतरांच्या भाषांतरांवर उभं आहे आणि ते तसं सांगतात. अँड्र्यू जॉर्ज यांनी उलट वाट धरली. तुटलेलं तुटलेलंच ठेवायचं, अंदाज कंसात, संशय तिरक्या अक्षरांत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे दाताखाली खडे आल्यासारखं वाटतं. तरी निवड करायची वेळ आली तर मी तेच पुस्तक हातात देईन. ओघवत्या भाषांतरात कवी कुठे थांबला आणि भाषांतरकार कुठे बोलू लागला, ते कळतच नाही.

खडे हळूहळू कमी होत आहेत. २००३ च्या युद्धानंतर इराकमध्ये प्राचीन वस्तूंची लूट झाली. चोरबाजारात गेलेल्या पाट्या वाचवण्यासाठी सुलेमानियाच्या संग्रहालयाने २०११ मध्ये काही विकत घेतल्या. त्यांत पाचव्या पाटीचा मोठा भाग निघाला आणि फारूक अल-रावी व जॉर्ज यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. देवदाराचं वन तोवर मुकं होतं. आता तिथे पक्षी किलबिलतात, रातकिडे किरकिरतात, माकडं ओरडतात आणि हुंबाबा त्या साऱ्या मैफलीचा राजा असल्यासारखा बसलेला दिसतो. झाडं तोडून झाल्यावर एन्किडू म्हणतो की आपण या वनाचं उजाड रान केलं. गिल्गामेशच्या स्वप्नाची दुसरी एक पाटी खोट्या कागदपत्रांनिशी अमेरिकेतल्या एका कंपनीला सोळा लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली होती. जप्त होऊन ती २०२१ मध्ये इराकला परत मिळाली. म्युनिकच्या विद्यापीठात तर आता संगणक हजारो तुकड्यांतल्या अक्षरांची जुळणी करून देतो, म्हणजे स्मिथच्या डोळ्यांचं काम.

२०१८ मध्ये जॉर्ज यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहातला एक छोटा तुकडा प्रसिद्ध केला. शम्हतच्या सहवासात एन्किडू सहा दिवस आणि सात रात्री राहतो आणि रानातून माणसांत येतो, हा प्रसंग सगळ्यांना पाठ होता. दोन पाठांत तो किंचित वेगळा येतो, म्हणून सगळे तो एकच धरून चालत. नव्या तुकड्याने दाखवलं की असे आठवडे दोन आहेत: पहिल्यानंतर शम्हत त्याला उरुकला चलायला सांगते, तरी त्याच्यातलं रान पुरतं जात नाही आणि दुसऱ्यानंतरच तो तिच्या मागे चालू लागतो. माझ्याकडच्या जुन्या प्रतीत तो आठवडा अजून एकच आहे.