भूकंप की बॉम्ब?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला असताना पाकिस्तानात जमीन हलली आणि आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच निकालही लागला: भूकंप कसला, गुपचूप केलेली अणुचाचणी! इराणमध्ये हादरा बसला की तिथेही हेच. जोडीला कुणीतरी तिसऱ्या महायुद्धाचं भाकीत आणि ‘ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्बच’ हे ज्ञान पुढे ढकलतंच. भाकितं राहू देत बाजूला. भूकंप आणि बॉम्ब यांतला फरक मात्र ओळखता येतो, आणि येतो म्हणूनच अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींना काही अर्थ आहे.

चाचण्या थांबवा, असं नेहरूंनी संसदेत २ एप्रिल १९५४ ला सांगितलं होतं. अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले त्या क्युबाच्या पेचप्रसंगानंतर, ११ एप्रिल १९६३ ला, पोप तेविसावे जॉन यांनी जगातल्या सगळ्याच सज्जनांना उद्देशून पत्र काढलं. धर्मगुरूचा इशारा म्हटल्यावर आपल्याला प्रलय आठवतो. या पत्रात मात्र अण्वस्त्रबंदीच्या मागणीबरोबर परस्पर आणि परिणामकारक तपासणीची अट होती. घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. जमिनीखालच्या संशयास्पद हादऱ्यांच्या जागी जाऊन वर्षाला किती वेळा पाहणी करायची? अमेरिका सातावर अडली, सोव्हिएत संघ तीनच्या वर जाईना. शेवटी ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत जो करार झाला, त्यात हवा, पाणी आणि अवकाशातल्या चाचण्या बंद झाल्या, भूमिगत तेवढ्या राहिल्या.

आता माझ्या आवडीचा भाग. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप साधारण ६.३ रिश्टरचा. उत्तर कोरियाने ३ सप्टेंबर २०१७ ला पुंग्ये-रीच्या डोंगराखाली उडवलेला बॉम्बही अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याच्या हिशेबाने ६.३. आकडा तोच, पण आलेख पाहणारा क्षणभरही गोंधळत नाही.

भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात. त्यामुळे पहिला धक्का काही दिशांना ढकलणारा असतो, तर काही दिशांना ओढणारा. शिवाय घासण्यातून खडकाला आडवे हेलकावे देणाऱ्या एस लहरी जोरात निघतात. बॉम्ब चहूबाजूंना फक्त ढकलतो. म्हणून सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्या, ढकल-ओढ करत जाणाऱ्या पी लहरींचा पहिला ठोका सगळीकडे ढकलणाराच, आणि मागून येणाऱ्या एस लहरी त्या मानाने दुबळ्या.

याहून सुंदर खूण लहरींच्या लांबीत आहे. टेबलावर टिचकी मारणं आणि जड कपाट फरशीवरून सरकवणं यांच्या आवाजात जो फरक, तोच इथे. बॉम्बचं काम क्षणार्धात आणि काही शे मीटरच्या परिसरात आटोपतं. कोयनेएवढ्या भूकंपात मात्र कित्येक किलोमीटरचा प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली भेग, काही सेकंद सरकत राहतो. त्यामुळे साधारण एका सेकंदात एक हेलकावा पुरा करणाऱ्या पी लहरींवरून काढलेली महत्ता (हादऱ्याचा आकडा) आणि त्याला वीस सेकंदांच्या आसपास घेणाऱ्या, जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या पृष्ठीय लहरींवरून काढलेली महत्ता यांची तुलना करायची. बॉम्बच्या बाबतीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी भरतो. आलेखाच्या कागदावर एका अक्षावर एक, दुसऱ्यावर दुसरी महत्ता मांडली की भूकंप एका पट्ट्यात आणि स्फोट दुसऱ्या पट्ट्यात जमा होतात. लहान हादऱ्यांत पृष्ठीय लहरी गोंगाटात बुडतात, पट्टे जवळ येतात. तिथे पी आणि एस यांचं गुणोत्तर उच्च वारंवारतेला तपासतात. खोली हा तर सरळ पुरावा: वीस किलोमीटर खोल बॉम्ब पुरायचं तंत्र कुणाकडेच नाही.

या हेरगिरीसाठी अमेरिकेने साठच्या दशकात जगभर शंभराहून जास्त भूकंपकेंद्रांचं जाळं उभं केलं. एक केंद्र पुण्यातही होतं. याच नोंदींमधून पुढे भूपट्ट सिद्धांताला (पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं आहे, या कल्पनेला) भक्कम पुरावे मिळाले, हा फुकटचा लाभ.

लहरींनी स्फोट कळतो, तो अण्वस्त्राचाच होता हे वायू सांगतो. अणुस्फोटात तयार होणारा झेनॉन-१३३ कशाशीही संयोग पावत नाही, भेगांतून झिरपतो आणि त्याचं अर्धायुष्य सव्वापाच दिवस. उत्तर कोरियाची ९ ऑक्टोबर २००६ ची चाचणी एक किलोटनपेक्षाही (हजार टन टीएनटी स्फोटकापेक्षाही) कमी होती, तरी सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रात तिचा झेनॉन सापडला.

फसवता येतच नाही असं मात्र नाही. अमेरिकेने १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या मिठाच्या थरात, आधीच्या स्फोटाने झालेल्या पोकळीत छोटा बॉम्ब उडवून पाहिला. हादरा सुमारे सत्तर पटींनी मंदावला. आपल्या १३ मे १९९८ च्या, किलोटनहून लहान म्हणून जाहीर झालेल्या दोन चाचण्याही परदेशी केंद्रांना दिसल्या नाहीत.

अशा वेळी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणीच करावी लागते. १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारात त्या पाहणीची तरतूद आहे, पण करार अमलात आल्यावरच ती वापरता येईल. त्यासाठी ठरावीक ४४ देशांची मंजुरी हवी. रशियाने २०२३ मध्ये आपली मंजुरी मागे घेतल्यावर आता नऊ देश बाहेर आहेत; अमेरिका आणि चीन त्यांतच, आणि सहीसुद्धा न केलेल्या तिघांत उत्तर कोरिया आणि पाकिस्तानच्या पंगतीला आपण.