ज्वालामुखीचे पाणी, परमुलखातला मासा

आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने न्यूझीलंडच्या सहलीतले तीन दिवस टाऊपो परिसरात फ्लाय फिशिंगसाठी राखून ठेवले, तेव्हा मासे धरायला इतक्या दूर कशाला, आपला अंबाझरी तलाव काय वाईट आहे, असा प्रश्न नागपुरी रीतीप्रमाणे लगेच निघाला. प्रश्न थट्टेचा असला, तरी त्याचे उत्तर दोन्हीकडच्या खडकांत आहे.

या प्रकारात गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसे, लोकर आणि केस दोऱ्याने घट्ट गुंडाळून गरीवरच खोटी माशी बांधतात. ती इतकी हलकी असते की, ती फेकण्यासाठी लागणारे वजन दोरीतच ठेवावे लागते. ही जाड दोरी खांद्यामागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे सोडायची, यात सारे कसब आहे. मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे गरीला बांधून मासे धरतात, असे वर्णन इसवी सन 200 च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने केले आहे.

ही कला ज्वालामुखीच्या प्रदेशांत रुजली ती पाण्यामुळे. तरुण ज्वालामुखीचा खडक आणि राख सच्छिद्र असल्याने पाऊस व बर्फाचे पाणी त्यांत मुरते आणि बऱ्याच काळाने झऱ्यांच्या रूपाने गार, स्वच्छ व बारमाही बाहेर पडते. अशा पाण्यात कीटक विपुल वाढतात आणि त्यांवर ट्राउट पोसतो. गंमत अशी की, यांतल्या कित्येक नामांकित पाण्यांत हा मासा मुळात नव्हताच. अमेरिकेतील यलोस्टोनमध्ये, जिथे काठावर गरम पाण्याचे फवारे उसळतात, त्या फायरहोल नदीचा वरचा भाग धबधब्यांच्या अडसरामुळे मत्स्यहीन होता. ट्राउट तिथे 1889 पासून मुद्दाम सोडण्यात आला.

टाऊपोची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सुमारे 616 चौरस किलोमीटरचे हे सरोवर महास्फोटांनी खचलेल्या भूमीत साठले असून तिथला शेवटचा मोठा उद्रेक सुमारे 1,800 वर्षांपूर्वी झाला. इंद्रधनुषी ट्राउटची अंडी कॅलिफोर्नियातून 1883 मध्ये न्यूझीलंडला पोहोचली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मासा टाऊपोत आला. त्याने तिथल्या माओरींचा नेहमीच्या खाण्यातला लहानसा कोआरो मासा फस्त करत आणला. पुढे 1926 च्या कायद्याने सरोवराचा तळ सरकारकडे गेला आणि मोबदल्यात तुफारेतोआ जमातीला वार्षिक रक्कम ठरली. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ही बाजू सहसा नसते. आपल्याकडच्या, मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला मात्र ती समजावून सांगावी लागणार नाही.

आता अंबाझरी. नागपूरही ज्वालामुखीच्या मुलखाच्या पूर्व काठावर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची आहे आणि हा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथेही तळी साचली होती. नागपूरच्या टाकळीजवळ लाव्हाच्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातील शंख स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी 1850 च्या दशकात जगापुढे मांडले. नंतर त्याच बाजूच्या गिट्टीखदानच्या थरांत माशांचे जीवाश्मही सापडले. म्हणजे ज्वालामुखीच्या तळ्यातले मासे नागपूरला होते, फक्त त्यांना गळ टाकणारे कोणी नव्हते.

आपला बेसाल्ट मात्र जुना आणि घट्ट आहे. पाणी मुख्यतः त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते, त्यामुळे नाले श्रावणात दुथडी वाहतात आणि वैशाखात कोरडे पडतात. तलावात पाणी राहिले, तरी 20 अंशांच्या आतले गार पाणी मानवणारा ट्राउट 45 अंशांच्या उन्हाळ्यात टिकणे शक्य नाही. या काळ्या खडकाच्या नद्यांचा बलदंड मासा म्हणजे महसीर. त्याच्या खुद्री या जातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून 1839 मध्ये केले. आपले नाले किती अचानक भरतात, हे हिस्लॉप यांच्याच शेवटावरून कळते. सप्टेंबर 1863 मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दफनांची दगडी वर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते वाहून गेले.