स्तरित अभिस्तर ऊतींचे संवर्धन

त्वचा, तोंडाचे अस्तर किंवा डोळ्याचे पारपटल (कॉर्निया) यांच्या अभिस्तराच्या, म्हणजे पृष्ठभाग झाकणाऱ्या आवरणाच्या, पेशी शरीराबाहेर पोषक द्रवात वाढवून त्यांच्यापासून एकावर एक थर असलेली ऊती तयार करण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. सांगली-साताऱ्याकडे ‘टिश्यू कल्चर’ म्हटले की केळीची नाहीतर उसाची रोपे डोळ्यांसमोर येतात. नाव तेच, मामला वेगळा. तिथे इवल्या तुकड्यातून अख्खे झाड उभे राहते. इथे कातडीच्या तुकड्यातून कातडीच मिळते, तीही फक्त वरची, म्हणजे बाह्यत्वचा.

मूळ ऊती कशी असते ते मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. तळाला विभाजन पावणाऱ्या उभट पेशी, त्यांच्यावर काटेरी, मग कणीदार आणि सर्वांत वर केंद्रक नसलेल्या मेलेल्या पेशींचा शृंगस्तर. ऊसतोड करणाऱ्याच्या तळहाताला कोयत्याच्या मुठीने पडलेला घट्टा म्हणजे जाड झालेला हा शृंगस्तरच. तळाची पेशी वर सरकत जाऊन गळून पडायला साधारण महिना लागतो.

या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, बशीत नुसत्या ठेवल्या तर थोड्याच दिवसांत थकतात आणि त्यांच्यात फायब्रोब्लास्टचे, म्हणजे खालच्या जोडऊतीतल्या पेशींचे, तण माजते. त्यावर तोड काढली जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी संस्थेत. किरणोत्सर्गाने विभाजन थांबवलेल्या उंदराच्या ‘३टी३’ पेशी त्यांनी खाली अंथरल्या आणि त्या दाईच्या आधाराने केराटिनोसाइट जोमाने वाढल्या. ‘३टी३’ हे नाव तसे रुक्षच: दर ३ दिवसांनी ३ लाख पेशी नव्या बशीत हलवायच्या, एवढाच त्याचा अर्थ.

थर चढवण्याची खुबी मात्र दोन साध्या गोष्टींत आहे. पहिली कॅल्शियम. द्रवात ते लिटरमागे ०.१ मिलिमोलपेक्षा कमी असेल तर पेशी एकेरी थरातच पसरत राहतात, १.२ मिलिमोलच्या आसपास नेले की एकमेकींना घट्ट धरून वर चढू लागतात. दुसरी हवा. सच्छिद्र पडद्याचा तळ असलेली छोटी वाटी मोठ्या खळग्यात टांगलेली असते. पेशींनी पडदा पुरता झाकला की वाटीतला द्रव पिपेटने अलगद काढून घेतात आणि बाहेरच्या खळग्यात फक्त पडद्याला लागेल इतकाच ठेवतात. आता अन्न खालून, वर हवा. ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये दहा-पंधरा दिवसांत आधी ओलसर चकाकणारा पृष्ठभाग निस्तेज, कोरडा दिसू लागतो. दुधावर साय हवेच्या बाजूलाच धरते, तसेच हे. (उपमा एवढ्यापुरतीच, साय काही जिवंत नसते.) थर कोणी रचत नाही, परिस्थिती मिळाली की पेशीच ते रचतात.

भाजलेल्या रुग्णांवर स्वतःच्याच पेशींचे असे पापुद्रे बसवण्याची सुरुवात १९८१ च्या सुमारास झाली. गुऱ्हाळातल्या काहिलीने हात पोळला तर त्याची गरज नसते. मांडीची त्वचा काढून लावता येते. पण अंगाचा बहुतेक भाग जळाला की काढायला कातडीच उरत नाही, आणि खरी निकड तिथेच असते. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून तीन-चार आठवड्यांत हजारो पट क्षेत्रफळ मिळते. मात्र ते तीन-चार आठवडे रुग्णाला तगवावे लागते, आणि हातात येतो तो अतिशय नाजूक पापुद्रा. खालची अंतस्त्वचा नसेल तर तो नीट धरत नाही, सहज फोड येतात. केस आणि घर्मग्रंथी तर नसतातच.

सौंदर्यप्रसाधने आणि रसायने कातडीला झोंबतात का, हे पाहायलाही अशी ऊती वापरतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी २०१० मध्ये चाचणी क्रमांक ४३९ स्वीकारली. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या बंद केल्यावर या पद्धतीचे महत्त्व इथेही वाढले.

पारपटलाच्या कडेच्या मूळपेशी (सतत नव्या पेशी पुरवणाऱ्या पेशी) वाढवून रासायनिक इजा झालेल्या डोळ्यावर लावण्याचा उपचार १९९७ मध्ये इटलीत यशस्वी झाला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनेही हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे. इथे थर लागतात, पण शृंगस्तर नको. तो चढला तर डोळ्यापुढे पडदाच यायचा.