दीर्घकालीन वेदना आणि कलंक

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. कंबरदुखी, अर्धशिशी, मधुमेहात होणारी पायांची आग, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखण्याचा आजार) ही तिची काही रूपे. यांपैकी अनेक दुखण्यांत क्ष-किरण किंवा रक्ततपासणीत फारसे काही सापडत नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की रुग्णावरच संशय घेतला जातो. ‘सोंग’, ‘नाटक’, ‘कामाच्या वेळीच बरं दुखतं’ ही मराठी घरांतली बोलणी त्याच संशयाची. अशा अविश्वासाने माणसाची पत उतरते, त्याला वेदनेचा कलंक म्हणतात.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये उघड दिसणारा आणि लपवता येणारा असे कलंकाचे दोन प्रकार मांडले. वेदना दुसऱ्या प्रकारात मोडते. सांगावी तर खरी वाटत नाही, लपवावी तर ‘मग काम का होत नाही?’ हा प्रश्न उरतोच. बरेच रुग्ण शेवटी स्वतःवरच शंका घेऊ लागतात आणि डॉक्टरकडे जाणे टाळतात. हा अंतर्गत कलंक सर्वांत घातक म्हणावा लागेल, कारण तो उपचाराची वाटच अडवतो. अमेरिकेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे बहुसंख्य रुग्ण कृष्णवर्णीय आहेत. असह्य कळा येऊन ते तातडीच्या विभागात गेले की अनेकदा त्यांना वेदनाशामक औषधांचे व्यसनी समजले जाते.

वेदनेचा परिणाम रुग्णाच्या सामाजिक जाळ्यावरही होतो. सामाजिक जाळे म्हणजे माणसाचा गोतावळा. संशोधक रुग्णाला विचारतात: महत्त्वाचे तुम्ही कोणाकोणाशी बोलता, अडीनडीला कोण येते, आणि ही माणसे एकमेकांना ओळखतात का? उत्तरांतून गोतावळ्याचा नकाशा तयार होतो. दुखण्यामुळे लग्नकार्यात दोन तास बसवत नाही, ठरलेले बेत मोडतात, मग हळूहळू बोलावणीही थांबतात. उरतात ती घरची मोजकी माणसे, आणि सगळा भार त्यांच्यावर पडतो. मात्र नुसती माणसे मोजून भागत नाही, ती रुग्णाशी कशी वागतात हेही पाहावे लागते. मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की कण्हणे, लंगडणे, झोपून राहणे अशा वर्तनाला सततची काळजी आणि कामातून सूट मिळत गेली, तर ते वर्तन पक्के होऊ शकते. याचा अर्थ रुग्ण ढोंग करतो असा नाही, आणि तो तसा लावणे अन्यायाचे आहे. दुखणे खरे मानूनही त्याला हिंडते-फिरते ठेवता येते.

एकाकीपणामुळे वेदना वाढते की वेदनेमुळे एकाकीपण, हे एकदाच केलेल्या पाहणीतून ठरत नाही. त्यासाठी त्याच माणसांना पुन्हापुन्हा भेटावे लागते.

इजा तेवढी वेदना, हा समज रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या संशोधकांच्या १९६५ च्या द्वारनियंत्रण सिद्धांताने मोडला. मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमी-अधिक होतात, आणि त्यावर चिंता व लक्ष यांचाही परिणाम होतो, असे त्यांनी मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात काही दीर्घकालीन वेदनांना स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळाले. वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येच्या टिपांत तर, आपल्याला दुखते असे माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा, असे स्पष्ट लिहिले आहे.