अनवाणी धावताना पायाला फोड आले तर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पोलीस भरतीची चाहूल लागली की जळगाव, धुळे, नंदुरबारची मैदानं पहाटेच गजबजतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, आणि बरीच पोरं अनवाणीच सराव करतात. मग तळव्याला फोड येतात आणि ती आमच्या दुकानात बूट मागायला येतात. आमचं सांगणं एकच असतं: फोड बरा होईपर्यंत बूट घेऊ नका. दुखऱ्या पायाचं माप नीट घेता येत नाही आणि नवा बूट त्याच जागी घासतो.

धावताना तळव्याची कातडी जमिनीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. ही ओढाताण पुन्हापुन्हा झाली की कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. घामाने किंवा दवाने पाय ओले असतील तर हे लवकर होतं, म्हणून दवाच्या गवतावरून आल्यावर पाय पुसूनच मातीवर उतरा.

फोड कुठे आलाय ते नीट बघा. चवड्यावर असेल तर पाऊल उचलण्याऐवजी तुम्ही जमीन मागे रेटताय. बोटांच्या टोकांना असेल तर बोटं आवळून माती पकडताय. टाचेला असेल तर टांग फार लांब पडतेय आणि दर पावलाला टाच ब्रेक लावतेय. तिन्हींवर उपाय जवळपास सारखाच: पावलं लहान, भरभर आणि हलकी टाका, पाय सरळ वर उचला. हे न बदलता नुसती मलमं लावली तर फोड त्याच जागी पुन्हा येतो.

लहान, न दुखणारा फोड फोडू नका. वरचा पापुद्रा हीच सगळ्यात चांगली पट्टी आहे. आतलं पाणी काही दिवसांत आपोआप जिरतं. फोड मोठा, टणक असेल आणि पाऊलच टेकवत नसेल, तर हात आणि पाय साबणाने धुवा, नवी निर्जंतुक सुई घ्या आणि कडेला बारीक छिद्र करून पाणी हळूच दाबून काढा. पापुद्रा ओढून काढू नका. वर पेट्रोलियम जेली लावा आणि न चिकटणारी पट्टी बांधा. नुसता कापूस ठेवू नका, तो जखमेला चिकटतो. पट्टी रोज बदला, ओली झाली तर लगेच. राख, चुना, टूथपेस्ट असलं काही लावू नका. रक्ताने भरलेला फोड तसाच राहू द्या.

शुगर असलेल्यांनी सुई घरी लावायचीच नाही, थेट डॉक्टरांकडे जा. पू, वाढती लाली, पायावर चढणारी लाल रेघ किंवा ताप दिसला तर कुणीही थांबू नये. मैदानात बाभळीचा काटा किंवा खिळा रुतला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

आपल्या खान्देशात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ च्या पुढे जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. चैत्रात सप्तशृंगी गडाला अनवाणी निघणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. अशा रस्त्यावर आलेला फोड घासल्याचा नसतो, भाजल्याचा असतो. पाय लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ लावू नका. हा फोड सुईने अजिबात फोडू नका. मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा. उन्हाळ्यात सराव ऊन चढायच्या आत, मातीवर करा.

पुन्हा धावायला लागाल तेव्हा अनवाणी एक-दोन फेऱ्याच मारा, बाकीचं अंतर बूट घालून. कातडी घट्ट व्हायला काही आठवडे लागतात. पाय चुरचुरायला लागला की त्या दिवशीची फेरी तिथेच सोडा, पुढचा फोड वाचतो. न चिकटणारी पट्टी आणि पेट्रोलियम जेली कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. पाय पूर्ण बरा झाल्यावर दुकानात या, शक्यतो संध्याकाळी. दिवसभर चालून पाऊल थोडं पसरलेलं असतं, तेच माप आम्ही घेतो.