वेबपानाचे चित्र टिपणे

जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामची भाषा) चालून तयार झालेले वेबपान प्रोग्रामच्या मदतीने पीएनजी, जेपेग अशा चित्रात उतरवण्याची क्रिया. हे काम सोपे करणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, दोन जातींच्या आहेत: पडद्याविना चालणाऱ्या ब्राउझरला बाहेरून हुकूम देणाऱ्या आणि पानाच्या आत राहूनच चित्र रचणाऱ्या. हाताने स्क्रीनशॉट काढणारा माणूस पान पूर्ण भरले का हे डोळ्यांनी पाहतो. प्रोग्रामला ते कोणीतरी सांगावे लागते. चित्र काढणे एका ओळीचे काम आहे. ‘आता काढ’ हा इशारा नेमक्या क्षणी मिळवणे अवघड, आणि लायब्ररीची पारख त्यावरूनच करावी.

स्थिर पानाला ही अडचण नसते, कारण सर्व्हरकडून आले तेच अखेरचे रूप. चालत्या पानाचे तसे नाही. इंदुरातल्या मराठी घरांना जवळचे उदाहरण म्हणजे संकष्टी चतुर्थीच्या चंद्रोदयाचे पान. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. इथल्या मराठी कुटुंबांच्या चालीरीती आजही महाराष्ट्राच्या, पण आकाश मात्र माळव्याचे. मुंबई सुमारे ७२.८८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि इंदूर सुमारे ७५.८६ वर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर नुसत्या रेखांशामुळेच सुमारे बारा मिनिटांचा फरक पडतो. उपास सोडण्यासाठी चंद्राची वाट पाहणाऱ्या घराला मुंबईची वेळ उपयोगाची नाही. म्हणून ठिकाण विचारून तिथल्या तिथे गणित करणारे पान लागते. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजी-आजोबा दुवा उघडत नाहीत, चित्र मात्र लगेच पाहतात, म्हणून त्या पानाचे चित्रही लागते.

हे पान उघडते तेव्हा आधी रिकामा सांगाडा येतो. मग स्क्रिप्ट ठिकाण मागते, चतुर्थी शोधते, चंद्रोदय काढते, मराठी फाँट उतरवून घेते आणि शेवटी वेळ लिहिते. ब्राउझरची ‘लोड’ ही घटना यातल्या पुष्कळ गोष्टींच्या आधीच घडून जाते; पुढे स्क्रिप्ट स्वतःहून काय मागवणार हे तिला ठाऊक नसते. तिच्यावर विसंबले की ‘कृपया थांबा’ असे लिहिलेले चित्र हाती येते.

यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे ठरावीक सेकंद थांबणे. तो वाईट आहे. नेट चांगले असताना वेळ फुकट जातो आणि नेट मंद असेल त्या दिवशी चित्र तरीही अर्धेच येते. दुसरा उपाय जाळ्यावर (नेटवर्कवर) कान ठेवण्याचा: पपेटियर या लायब्ररीत सलग ५०० मिलिसेकंद एकही जोडणी चालू नसेल तर पान शांत झाले असे मानण्याची सोय आहे, दोनपर्यंत जोडण्या चालू राहू देणारा सैल प्रकारही आहे. बहुतेक पानांना एवढे पुरते. पण जाळे शांत झाले म्हणजे पान तयार झाले असे होत नाही. चार्ट डॉट जेएस या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचा आलेख सगळे आकडे हातात असूनही नेहमीच्या मांडणीत एक सेकंदभर हळूहळू वर चढत असतो. उलट, सतत ताजी माहिती मागवणारे पान कधीच शांत होत नाही.

तिसरा उपाय खरा सहायक लायब्ररीचा: पानानेच सांगायचे. पानात छोटी स्क्रिप्ट असते. काम संपले की ती एका ठरलेल्या फंक्शनला हाक मारते किंवा एक खूण उभी करते, आणि बाहेर थांबलेला प्रोग्राम ती दिसताच चित्र टिपतो. पडद्याविना चालणाऱ्या फँटमजेएस या जुन्या साधनात पानाकडून बाहेर निरोप धाडण्याची अशी वाट होती. पपेटियरमध्ये बाहेरचे फंक्शन पानाला उपलब्ध करून देता येते, किंवा पानातली अट खरी होईपर्यंत थांबता येते.

कामे अनेक असतील तर मोजणी ठेवतात. काम सुरू झाले की एक वाढवायचा, संपले की एक कमी करायचा, शून्य आले की इशारा. या मोजणीत एक खाच आहे. ठिकाण कळल्यावरच चंद्रोदयाचे गणित सुरू होत असेल, तर पहिले काम संपून दुसरे नोंदले जाण्याआधी क्षणभर शून्य येते आणि नेमके तेव्हाच चित्र निघते. म्हणून पुढच्या कामाची नोंद आधी करावी, मगच मागचे काम वजा करावे. शून्य आल्यावरही पडद्याची एखादी फेरी जाऊ द्यावी, कारण मजकूर पानात लिहिला गेला तरी पडद्यावर रंगवला जायला तेवढा अवधी लागतो. आणि थांबण्याला कमाल मर्यादा हवी. ती ओलांडली तर प्रोग्रामने चूक झाल्याचे सांगून थांबावे, अर्धे चित्र पुढे पाठवू नये. चंद्रोदयाची चुकीची वेळ पोचण्यापेक्षा त्या महिन्यात चित्रच न पोचलेले बरे, कारण मग माणूस निदान विचारतो तरी.

या साधनांचा इतिहास छोटा आहे. आरिया हिदायत यांचे फँटमजेएस २०११ मध्ये आले. ते वेबकिट या पान रंगवणाऱ्या इंजिनावर पडद्याविना चालत असे. त्यावर कॅस्परजेएससारखे सोयीचे थर चढले. २०१७ मध्ये क्रोम ५९ पासून स्वतः क्रोमच पडद्याविना चालू लागला आणि त्याच वर्षी क्रोमच्या चमूने पपेटियर प्रसिद्ध केले. वेगळे इंजिन सांभाळण्याचे कारण उरले नाही. २०१८ मध्ये फँटमजेएसचे काम थांबवण्यात आले. मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० मध्ये आले. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही चालवते. चित्र टिपताना लुकलुकणारा कर्सर लपवणे आणि हलणारे भाग शेवटच्या स्थितीला नेऊन ठेवणे या त्यातल्या सोयी फार कामाच्या आहेत.

पानाच्या आतून चालणाऱ्या लायब्ररींची गोष्ट निराळी. ब्राउझर सुरक्षेपोटी पानाला स्वतःचा पडदा गुपचूप वाचू देत नाही. त्यामुळे एचटीएमएल-टू-कॅनव्हास ही लायब्ररी पानातला प्रत्येक घटक व त्याची शैली वाचून सगळे पान कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्रफलकावर, नव्याने काढते. म्हणजे हे खरे तर छायाचित्र नसून बघून काढलेले चित्र आहे, आणि जी शैली तिला कळत नाही ती चित्रात उतरत नाही. डॉम-टू-इमेज ही लायब्ररी पानाची प्रत एसव्हीजी या चित्रप्रकारात बसवून ब्राउझरकडूनच रंगवून घेते. पण अशा एसव्हीजीला बाहेरचे काही मागवता येत नाही, म्हणून फाँट व चित्रे आधीच आत भरावी लागतात. दुसऱ्या संकेतस्थळावरचे चित्र परवानगीशिवाय कॅनव्हासवर आले, की तो कॅनव्हास ‘डागाळलेला’ ठरतो आणि त्यातून चित्र बाहेर काढता येत नाही. आपल्या फोनवरच ‘चित्र जतन करा’ असे बटण द्यायचे असेल तर हीच जात वापरावी लागते, कारण तिला सर्व्हर लागत नाही.

मराठी अक्षरे

मराठी पानाचे चित्र टिपणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते इथे. भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर बहुधा देवनागरी फाँट नसतो आणि अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. नोटो किंवा लोहित देवनागरी हा फाँट बसवला की त्या जातात. पानाने स्वतःचा फाँट आणला असेल, तर तो उतरेपर्यंत दुसराच फाँट दिसत असतो. ब्राउझरकडून फाँट तयार असल्याचे वचन घेता येते आणि ते पूर्ण झाल्यावरच टिपावे. एक अक्षर फार चकवते: ‘ॲ’. ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ मध्ये आले, म्हणून त्याआधीच्या फाँटमध्ये बाकी मजकूर स्वच्छ दिसतो आणि ‘ॲप’ची फक्त चौकट होते. तपासणीसाठी एक ओळ कायम ठेवावी, जिच्यात ॲ, ळ, क्ष, ज्ञ, श्र आणि ‘वाऱ्या’तला अर्धा ऱ असेल.

इंदुरात याहून बारीक प्रश्न येतो. इथले पान बहुधा हिंदी साच्यावरून घेतलेले असते आणि त्याची भाषा हिंदी अशी नोंदलेली असते. लिपी एकच असल्याने वरवर सारे ठीक दिसते. पण मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीच्या रूपांहून वेगळे आहेत. फाँटमध्ये दोन्ही रूपे असतील तर कोणते दाखवायचे हे तो पानाच्या भाषेवरून ठरवतो. भाषा मराठी अशी नोंदली की ‘शुक्ल’ मराठी वळणाचा होतो. दुकानांच्या पाट्यांवर दिवसभर हिंदी वळण पाहणाऱ्या मुलाला घरच्या ग्रुपवर तरी आपले वळण दिसावे, म्हणून हा एक शब्द बदलण्याचा कंटाळा करू नये. आकड्यांचेही असेच. तारीख-वेळ लिहिण्याची ब्राउझरची सोय मराठीसाठी आपोआप देवनागरी आकडे देते, हिंदीसाठी मात्र इंग्रजी (1, 2, 3).

जोडाक्षरांना धोका आतून चित्र काढणाऱ्या लायब्ररींकडून आहे. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमध्ये जादा अंतर ठेवले असेल, तर एचटीएमएल-टू-कॅनव्हास शब्दाचे तुकडे करून एकेक तुकडा काढते. इंग्रजीला ते चालते. देवनागरीत जोडाक्षर फुटू शकते. मराठी शीर्षकाला असे अंतर मुळात देऊच नये.

ठिकाण, वेळ आणि आकार

पडद्याविना चालणाऱ्या ब्राउझरसमोर ठिकाणाची परवानगी द्यायला कोणी बसलेले नसते. मग पान आपल्या ठरावीक शहराची वेळ लिहिते आणि चित्र पाहून चूक कळतही नाही. इंदूरचे २२.७२ अक्षांश व ७५.८६ रेखांश आधीच देऊन परवानगीही आधीच नोंदवावी. घड्याळाचेही तसेच आहे. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतो, आपल्याहून साडेपाच तास मागे. रात्री ९:३० चा चंद्रोदय त्यावर दुपारी ४:०० चा होतो. कालविभाग कोलकाता असा ठरवून दिला की हा दोष जातो. चित्रात शहराचे नाव आणि तारीख मोठ्या अक्षरांत असणे हा यावरचा आणखी एक पहारा.

चित्रातला मजकूर सहसा शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांच्या वाचन-साधनालाही तो नीट वाचता येईलच असे नाही. म्हणून चंद्रोदयाची वेळ चित्राखाली एका ओळीत लिहून पाठवावी. प्रोग्रामला ती ओळ पानातूनच उचलता येते, पुन्हा टंकायची गरज नाही.

पपेटियरची मूळ चौकट ८०० गुणिले ६०० पिक्सेलची असते. फोनसाठी ती अरुंद करून पिक्सेलची घनता दुप्पट ठेवली तर काना-मात्रा रेखीव येतात. व्हॉट्सॲप चित्र दाबून पाठवते, तेव्हा बारीक अक्षरांचे पान दस्तऐवज म्हणून धाडावे. वर्षभराच्या सगळ्या संकष्ट्यांचे लांब पान एकाच चित्रात घ्यायचे असेल, तर क्रोमच्या १६,३८४ पिक्सेलच्या मर्यादेचे भान ठेवावे. तिच्यापुढे वरचाच भाग खाली पुन्हा उमटलेला आढळतो. अशा वेळी महिन्यामहिन्याचे वेगळे चित्र काढावे.